सरकणारे, न सरकणारे

आनेकलच्या बाजारात तारली बर्फातून येते, घाटाखालच्या किनाऱ्यावरून. कल्ला उचलून बघावा, लाल असेल तरच घ्यावी. हंगामातली तारली तव्यावर स्वतःचंच तेल सोडते. ही चरबी तिने खाल्लेल्या प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची. पावसाळी वाऱ्यांनी समुद्राचं खोल, थंड पाणी वर आलं की प्लवक फोफावतात.

*

केरळात 2012 साली तारली मिळाली सुमारे 4 लाख टन. 2021 साली 3,297 टन. सगळा दोष तापलेल्या पाण्याचा नाही, पिल्लंसुद्धा बेसुमार मारली गेली. नंतर तारली परतलीही. पण मुळात मलबारची ही मासळी गेल्या काही दशकांत कोकणच्या आणि गुजरातच्या जाळ्यांत जास्त येऊ लागली. मासा सरकतो. रापणकर आपला किनारा सोडून कुठे सरकणार?

*

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016 चा निष्कर्ष: पश्चिम हिंद महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या पोषक पाण्यात मिसळत नाही.

*

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने 2014 साली आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली उपकरणांची साखळी सोडली. ही खाडी 2006 पासून पूर्वीसारखी गोठत नाही. अटलांटिकचं ऊबदार पाणी आत शिरतं, मागोमाग दक्षिणेचे मासे. तिथले किटिवेक पक्षी आता तेही खातात. म्हणजे तिकडेही तारलीचीच गोष्ट. पण रिंग्ड सीलची मादी बर्फावर साचलेल्या हिमात बीळ करून पिल्लू घालते. बर्फच नसेल तर पिल्लू उघड्यावर, अस्वलाच्या तोंडी.

*

2022, अंटार्क्टिकाचा बेलिंग्सहाउझन समुद्र. पिल्लांची पिसं जलरोधक होण्याआधीच पायाखालचा बर्फ फुटला. एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू जगलं नाही.

*

वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी. नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. जास्त तापली तर माद्याच, त्याहून तापली तर अंडी मरतात. गावकरी घरटी हॅचरीत हलवतात, तिथे सावली धरता येते. ही माणसं करतात ते मला कुठल्याही परिषदेपेक्षा मोलाचं वाटतं. पण समुद्र चढतोय, आणि कोकणात ठिकठिकाणी किनाऱ्याला दगडी बंधारे घातले जाताहेत. कासवीला वर सरकायला वाळू हवी. निदान घरट्यांच्या किनाऱ्यांवर तरी बंधारा नको.