मला पाच दे

कोसाड, सुरत, १ जुलै २०२४

आवास वसाहतीतला आमचा बालवर्ग आता रुळला. निम्म्याहून जास्त मुलं खानदेशी घरांतली. गाव धुळे, नंदुरबार, जळगावकडे. बाप लूमवर नाहीतर एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, आई घरीच साड्यांचं धागा-कटिंग करते. आज एक आई लेकाचा हात धरून आली. "मना पोऱ्या शंभरलगून म्हनस, मॅडम!" आता त्याला थेट पहिलीत घालायचं तिच्या मनात आहे. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याआधीचं वर्ष बालवाटिकेचं, हे तिला समजावलं. मुलानं शंभरपर्यंत खरंच न अडखळता म्हणून दाखवलं. मग धाग्याचे रिकामे कोन पुढ्यात ठेवून म्हटलं, "मला पाच दे." त्यानं दोन्ही हातांत मावले तेवढे उचलून दिले. आईचा चेहरा उतरला. तिला म्हटलं, पाठ आहेत ते चांगलंच आहे, आता त्यांतला प्रत्येक आकडा किती हे त्याच्या हाताला कळू दे.

३ जुलै

सहा कोन ओळीनं मांडले. एक मुलगी मोजू लागली. तोंड भराभर पुढे, बोट मागे. शेवटच्या कोनावर बोट टेकलं तेव्हा ती "आठ" म्हणत होती. मग डावीकडचा एकेक कोन उचलून उजवीकडे ठेवायला लावला. कोन खाली टेकला की एकच आकडा बोलायचा. आता बरोबर सहा आले. लगेच विचारलं, "मग एकूण किती?" तिनं उत्तर न देता पुन्हा एकपासून सुरुवात केली.

सगळं इथेच अडतं. शेवटचा "सहा" हा शेवटच्या कोनाचा नसून साऱ्या ढिगाचा आहे, हे तिला अजून उमगलेलं नाही. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ च्या पुस्तकात मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम कायम, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, मोजायला कुठलीही वस्तू चालते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. आकडे घोकून यांतलं फक्त दुसरं येतं.

८ जुलै

"एक, बे, तीन, चार." गल्लीत गुजराती, शेजारी हिंदी आणि उडिया, घरात अहिराणी, लेकराच्या तोंडी सगळ्यांचं मिश्रण. असं मोजणाऱ्या एका मुलाला मदतनीस ताई थांबवायला निघाल्या, मी त्यांना थांबवलं. तो रोज याच क्रमानं म्हणतो, प्रत्येक कोनाला एकदाच हात लावतो आणि शेवटी "चार" सांगतो. त्याचं मोजणं चोख आहे. शब्द वर्गात ऐकून ऐकून सुधारतील, त्यासाठी त्याची लय मोडायला नको.

१२ जुलै

आयांची बैठक. एका बाईंनी धागा कापलेल्या साड्यांच्या पाच-पाचच्या थप्प्या कशा लावतात ते दाखवलं. कोणीच एकेक साडी मोजत नाही. हे गणित घरात रोज चालतं आणि मूल मात्र "हात लावू नको" म्हणून बाजूला बसवलेलं असतं. सगळ्यांना सांगितलं, मुलाकडून मागा: दोन कांदे दे, तीन ताटल्या मांड. टिकल्या आणि स्टोन मात्र देऊ नका, नाकात-कानात जातात.

घरी जाताना ताराबाई मोडक आठवल्या. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला गावच्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या. महागडी साधनं गावाला परवडत नाहीत म्हणून अवतीभवतीच्या वस्तूंतूनच त्यांनी शिकवलं. सुरतेत आम्हाला कोन फुकट मिळतात.

१७ जुलै

आषाढी; वर्गाला सुट्टी. मंगला नारळीकरांना जाऊन आज वर्ष झालं. त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यांचं म्हणणं मात्र मुलांच्या बाजूचं होतं. त्रेसष्ट म्हणताना कानावर आधी तीन पडतात, लिहायचे असतात आधी सहा. मग मूल ३६ लिहितं. गुजरातीतही हीच उलटापालट आहे. वस्तीतल्या दुसरीच्या मुलांच्या वह्यांत हे नेहमी दिसतं. त्यांना संध्याकाळी बोलावून दहा-दहा आइस्क्रीमच्या काड्यांच्या जुड्या बांधायला द्यायच्या: सहा जुड्या, तीन सुट्या. जुडी हातात आली की सहा कुठे लिहायचे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

२२ जुलै

शंभर म्हणणाऱ्या मुलाकडे आज "तीन दे" म्हणून मागितलं. त्यानं तीन दिले, एकही जास्त नाही. "पाच दे" म्हटल्यावर पुन्हा ओंजळभर. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. मुलाला आधी एक समजतो, काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि त्यानंतर एकदम मोजण्याची किल्ली सापडते. मधला टप्पा घाईनं ओलांडता येत नाही.

आई न्यायला आली तेव्हा तिला तीन कोन दाखवले. "अजून किती दिवस लागतील?" असं तिनं विचारलं. म्हटलं, दिवाळीपर्यंत पाचाच्या आतच खेळू, घरी थप्पी लावताना त्याला शेजारी बसवा, चौथी आणि पाचवी साडी त्याच्या हातानं ठेवू द्या. ती कबूल झाली. उद्यापासून वर्गात "चार दे".