पंचावन्न विकलांचे अंतर

मानमंदिराच्या गच्चीवर मी प्रथम गेलो तो यंत्रे पाहावीत म्हणून नव्हे, तर गंगेवरचा वारा मिळावा म्हणून. राजा मानसिंहाच्या या वाड्यावर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली, एवढे मला ठाऊक होते. सम्राटयंत्राची कलती भिंत ध्रुवाकडे रोखलेली. पलीकडे चक्रयंत्राचे धातूचे कडे. ते अक्षाभोवती फिरवायचे, एका ताऱ्यावर धरायचे आणि त्याची क्रांती वाचायची. एका वेधाला एक तारा.

सोबत भौतिकशास्त्राचे एक सहकारी होते. ते हसून म्हणाले, "आता एका वेळी पाच हजार." मग त्यांनी जे सांगितले ते अजून मनातून जात नाही. अ‍ॅरिझोनातील किट पीकवर चार मीटर व्यासाच्या मेयॉल दुर्बिणीच्या नाभीप्रतलावर पाच हजार सडपातळ यंत्रे दाटीने उभी केलेली आहेत. २०२१ पासून तेथे दीर्घिकांची मोजणी चालली आहे. प्रत्येक यंत्राच्या टोकाशी केसासारखा एक प्रकाशतंतू. खांदा आणि कोपर वळावे तशा दोन हालचालींनी तो बारा मिलिमीटरच्या वर्तुळात हवा तेथे जाऊन बसतो. तंतू मागून उजळून कॅमेरा त्याची जागा तपासतो आणि चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणली जाते. मग एकेका दीर्घिकेचा प्रकाश एकेका तंतूतून दहा वर्णपटलेखकांकडे वाहू लागतो. पूर्वी, स्लोन सर्वेक्षणात, हेच काम माणसे करीत: अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीला ६४० भोके पाडायची आणि प्रत्येकात हाताने तंतू खोवायचा.

"म्हणजे काहीच सुटत नसेल," मी म्हणालो.

"सुटते. शेजारचे सुटते."

तंतूच्या टोकाला धातूची टोपी असते, तिला जाडी असते. स्लोनच्या एका तबकडीवर ५५ विकलांहून जवळ असलेल्या दोन दीर्घिकांवर एकाच वेळी दोन तंतू बसत नसत. एक घ्यायची, दुसरी सोडायची. किट पीकच्या यंत्रमानवांचे हातही एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आवरावे लागतात. यावर उपाय एकच: त्याच आकाशाकडे पुन्हा, निराळी मांडणी करून वळायचे. (विकला हा आपल्या सिद्धांतग्रंथांतला शब्द तेथे चपखल बसला याचे मला नाही म्हटले तरी सुख झाले.)

त्या रात्री मात्र झोप लागली नाही. माझा प्रबंध मराठी आणि फ्रेंच कादंबरीच्या तुलनेचा आहे. त्यासाठी मी पॅरिसपर्यंतची पुस्तके मागविली. हिंदी कादंबरी हाताशी होती, ती मात्र 'फार जवळची' म्हणून बाजूला ठेवली. दूरच्या दोन टोकांतील साम्य दाखविले की विद्वत्ता दिसते. शेजाऱ्याशी साम्य दाखविले तर तो ऋणाचा, उसनवारीचा प्रश्न होतो. ही भीती मी वीस वर्षे पद्धतीच्या नावाखाली जपली. यंत्राची टोपी निदान खरोखरच जाड असते.

आणि मी उभा होतो कोठे? बापूदेव शास्त्री पुण्यात १८२१ साली जन्मले, १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले, सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद केला, याच मानमंदिरातील यंत्रांवर पुस्तिका लिहिली. आणि बीजगणित लिहिले ते हिंदीत. मराठी माणसाने शिकविण्यासाठी शेजारची भाषा उचलली, तेव्हा त्याचे वाक्य कसे वळले असेल? परिभाषा संस्कृताची घेतली असेल की बाजाराची? हा प्रश्न माझ्या पिढीतील तौलनिकांनी क्वचितच विचारला. मी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी अभ्यासक्रमाचा कागद काढला. भोजपुरी बोलणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात विचारले होते, "सर, या यादीत आमच्या बाजूचे काहीच कसे नाही?" तेव्हा मी वेळेच्या मर्यादेचे उत्तर दिले होते. आता तिलाच म्हणालो, ग्रंथालयात बापूदेवांचे बीजगणित मिळते का ते पाहा. मिळाले तर आपण दोघे एकत्र वाचू, हिंदीत जेथे अडेन तेथे तुम्ही सांगा.

तिने पुस्तकाचे नाव लिहून घेतले आणि विचारले, "आणि मराठीत जेथे मी अडेन तेथे?"