पाच सेंटिमीटरची किमया

पेणच्या गणपतीचा डौल लहानपणापासून पाहत आले, पण तो गणपती खोक्यात कसा बसवतात हे परवा पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. गणपती जमवणारे शौकीन सगळीकडे आहेत. त्यांना शाडूच्या छोट्या मूर्ती कुरिअरने पाठवायच्या, हे माझं नवं काम. शाडू भाजलेला नसतो, नुसता वाळवलेला असतो. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे! खोका जितका मोठा आणि भरण जितकं जाड, तितकी मूर्ती सुरक्षित, असंच कुणालाही वाटेल.

पेणमधल्या एका कारखान्यातल्या काकांनी हे गणितच उलटं करून दाखवलं. "ताई, ही आपटून फुटते त्याहून जास्त हलून फुटते," असं म्हणत त्यांनी आठ इंची मूर्ती पुढ्यात घेतली. आधी मऊ, पातळ कागद. बबल रॅप थेट लावला तर कच्च्या रंगावर फुग्यांचे गोल ठसे उठतात. मग कागदाच्या बारीक सुरळ्या वळल्या. एक सोंड आणि पोट यांच्यामध्ये, एक आशीर्वादाच्या हातामागे, एक कानाच्या पाळीखाली, दोन मुकुटाच्या दोन्ही बाजूंना. बोटं काय हलकी चालत होती! पाहता पाहता सगळे कंगोरे बुजले आणि मूर्ती दुपट्यात बांधलेल्या तान्ह्या बाळासारखी गोटीबंद झाली. त्यावर बबल रॅप, मग खोका, चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर भरण. खोका कानाशी धरून हलवला. आवाज नाही. बस्स!

आणि आता खरी गंमत. बहुतेक कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं, की आलं घनफळाचं वजन. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. मूर्ती २० बाय १४ बाय १०. पाच सेंटिमीटर भरणाने खोका होतो ३० बाय २४ बाय २०, म्हणजे २.८८ किलो. तेच भरण दहा सेंटिमीटर केलं तर खोका ४० बाय ३४ बाय ३०, म्हणजे ८.१६ किलो! मूर्ती तीच, दीड-दोन किलोची. मी कागदावर पुन्हा पुन्हा गुणून पाहिलं. जवळजवळ तिप्पट! म्हणजे जाड भरण पोकळी झाकण्यासाठी लागत होतं. पोकळ्या आतच बुजवल्या की मूर्तीही वाचते आणि पैसेही. सुरक्षितता आणि खर्च ही मी एकमेकांची वैरी समजत होते, ती चक्क एका सुरळीत नांदत होती!

खोका मात्र पाच पदरी पुठ्ठ्याचाच हवा. इथे चार पैसे वाचवायचे नाहीत, हे माझं ठाम मत. चिकटपट्टी मधल्या फटीवर लावायची आणि दोन्ही टोकांच्या कडांवरूनही फिरवायची. पावसाळ्यात हवेत ओल असते, म्हणून मूर्ती पुरती सुकल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची नाही. नाहीतर आतला दमटपणा तिथेच कोंडतो.

पूर्वी हे भरण भाताच्या पेंढ्याचं असे. रायगडात भाताला काय तोटा! पण परदेशी पाठवायचं तर पेंढा बाद. त्यातून कीड येईल म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश तो आत घेत नाहीत. लाकडी पेटीलाही उष्णता दिल्याचा शिक्का लागतो. पेणचे गणपती सणाच्या कितीतरी महिने आधी बोटीने निघतात, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या न्हावा-शेवा बंदरातून. कंटेनरमध्ये थोडाच माल असेल तर तिथेही पैसे बहुधा घनमीटरवर, म्हणजे पुन्हा घनफळच! आता मॉरिशसच्या एका ताईंना प्रभावळीसकट मूर्ती हवी आहे. प्रभावळ सुटी करून मूर्तीच्या पाठीशी आडवी ठेवली तर खोक्याची उंची किती सेंटिमीटरने उतरेल, ते विचारायला उद्याच पुन्हा काकांकडे निघाले आहे.