नाव हरवलेली पाने

जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती पडद्यावर वाचताना हवा तेवढा भाग स्क्रीनशॉट घेऊन टिपून ठेवण्याची सवय आम्हा तिघा सहकाऱ्यांना लागली, त्याला आता बरीच वर्षे झाली. ‘विविधज्ञानविस्तारा’तील एखादे ग्रंथपरीक्षण, ‘मनोरंजना’तील एखादी जाहिरात, कुणा अज्ञात वाचकाने समासात पेन्सिलीने केलेली खूण, असा एक तुकडा एम. ए.च्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला की चर्चा रंगत असे. हे तुकडे आम्ही फुकट मिळणाऱ्या एका सेवेवर चढवत असू आणि टिपणांत नुसते दुवे देत असू. एके दिवशी ते दुवे निरुत्तर झाले. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? भाडे आम्ही कधी दिलेच नव्हते. फोटोबकेटने २०१७ साली इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा कितीतरी लोकांवर हीच वेळ आली होती.

मग आपले घर आपणच बांधावे असे ठरले. एकाच्या घरी अडगळीत पडलेला संगणक होता. त्यावर एका माजी विद्यार्थ्याने झिपलाइन ही मुक्तस्रोत प्रणाली बसवून दिली. शेअरएक्स या प्रोग्रॅमला आपल्या सर्व्हरचा पत्ता एकदा सांगितला, की पडद्यावर चौकट आखायची. चित्र आपोआप तिथे पोचते आणि दुवा चिकटवण्यासाठी तयार असतो. प्रत्येक अंकासाठी आम्ही वेगळे फोल्डर केले. मालकीचा आनंद काय असतो, हे (भाड्याच्या घरांत उमेदीची वर्षे काढल्यामुळे असेल) आम्हांस चांगलेच कळले.

दीड वर्षाने डिस्क गेली. चित्रांची दुसरी प्रत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. ती उघडली तो सारी चित्रे एकाच ढिगात, आणि नावे म्हणजे सहा-सहा अक्षरांची अर्थशून्य जुळणी. कोणते पान कोणत्या अंकातले, हे सारे डेटाबेसमध्ये नोंदलेले होते, आणि त्याची प्रत घ्यायला आम्ही विसरलो होतो. दोष प्रणालीचा नव्हे. पोथ्या वाचल्या आणि पुष्पिका जळल्या, असे काहीसे ते झाले.

‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. भिन्न पाठांची ही कहाणी आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो; ती आपल्यावर बेतल्याशिवाय मात्र कळली नव्हती. दोन उन्हाळी सुट्ट्या आम्ही पाने ओळखण्यात घालवल्या. टाइपाची घडण, विरामचिन्हे, प्रकाशकाचा पत्ता, कागदावरचा डाग यांवरून अंक ठरवायचा. इतक्या बारकाईने ही पाने आम्ही पूर्वी वाचलीच नव्हती, हेही कबूल केले पाहिजे.

आता चढवण्यापूर्वीच फाइलच्या नावात मासिक, वर्ष आणि पृष्ठ लिहितो, आणि रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्याच्या घरी जाते. ‘अज्ञात’ या फोल्डरमध्ये अजून एकतीस पाने आहेत. त्यांतले एक ‘मनोरंजना’चे, असे आमच्यातल्या दोघांचे मत, तिसऱ्याला ते मुळीच मान्य नाही.