नवा पार्ट बसला, पण ड्रायव्हर?

दवाखान्यातला संगणक दहा वर्षांचा झाला होता. सकाळी चालू करावा, तर पहिला पेशंट तपासून होईपर्यंत तो काही जागा व्हायचा नाही. शेवटी मार्चमध्ये मन घट्ट केलं आणि मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, शिवाय नवं वायफाय कार्ड असं सगळं बदलून घेतलं. बसवणारा मुलगा शनिवारी रात्री नऊला गेला. रविवारी सकाळी मी खुर्चीत बसले, संगणक वीस सेकंदांत सुरू झाला आणि बघते तर वायफायचं चिन्हच गायब.

मोबाईलवर तेच वायफाय छान चालत होतं. म्हणजे राउटर ठीक, बाहेरून येणारी लाइन ठीक, दोष संगणकातच. पेशंट तपासतानाही सुरुवात अशीच करावी लागते. दुखणं कुठे नाही, ते आधी ठरवायचं.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ सापडतं. तिथे ‘नेटवर्क कंट्रोलर’ या नावाशी पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह होतं. उघडून पाहिलं तर कोड 28. म्हणजे कार्ड जागेवर आहे, संगणकाला ते दिसतंय, पण त्याचा ड्रायव्हर टाकलेला नाही. ड्रायव्हर हा दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो नसेल तर कार्ड कितीही महागाचं असलं तरी ते काय बोलतंय हे विंडोजला कळत नाही.

आता गंमत अशी, की ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा आणि इंटरनेटसाठी आधी ड्रायव्हर पाहिजे! यावरचा उपाय सोपा आहे. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडायचा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. त्याला लागणारा ड्रायव्हर सहसा विंडोजमध्ये आधीपासून असतो.

शोधायला गेले तर पहिल्याच पानावर ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये, मोफत’ अशी जाहिरात. बोट जवळजवळ दाबलंच होतं. नाव नसलेल्या पुडीतलं सांधेदुखीचं औषध घेऊ नका म्हणून मी रोज पेशंटना ओरडते, आणि इथे स्वतः तेच करायला निघाले होते. थांबले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ पाहिला. त्यात ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरं कंपनीची असतात आणि ‘डीईव्ही’नंतरची मॉडेलची. 8086 दिसलं तर कार्ड इंटेलचं, असा तो हिशेब. कार्ड कुणाचं ते कळल्यावर त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला, टाकला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. चिन्ह आलं!

पण सिग्नल एकच दांडी. राउटर दहा फुटांवर असताना. मग पुढचा तासभर मी ड्रायव्हर काढला, टाकला, जुनी आवृत्ती लावून पाहिली. नंतर कार्डाचा खोका कचऱ्यात टाकायला उचलला तर आत काहीतरी खडखडलं. दोन अँटेना, प्लास्टिकच्या पिशवीत, जशाच्या तशा. संगणकाच्या मागे फिरवून बसवल्या आणि सिग्नल पूर्ण.

हसायला आलं खरं, पण मग एक आजोबा आठवले आणि हसू थांबलं.

रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. अशा ठोकाठोकीत वर्षानुवर्षं राहिलं की कानाच्या आतल्या शंखातल्या नाजूक केसपेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, थ, फ ही अक्षरं निसटतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, “आवाज येतो, पण शब्द कळत नाही.” पुण्याच्या मुलीने डिसेंबरमध्ये त्यांना श्रवणयंत्र घेऊन दिलं. जानेवारीत ते बीपी दाखवायला आले तेव्हा यंत्र खिशात होतं. “नुसता गोंगाट होतो मॅडम, आणि उजव्या बाजूला शिट्टी वाजते.” बाहेर गर्दी होती. मी म्हटलं, “बघा वापरून. नाहीच जमलं तर राहू द्या.”

हे मी बोलायला नको होतं. यंत्र कानात बसतं, पण ऐकतो मेंदू. जे आवाज त्याला कित्येक वर्षं मिळालेच नाहीत, ते एकदम आले तर भांड्यांचा खणखणाट आणि नातवाचं बोलणं यांतला फरक त्याला लगेच करता येत नाही. ते जमायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. आणि संगणकासारखा हा ड्रायव्हर उतरवून घेता येत नाही, रोज थोडाथोडा तयार करावा लागतो. लॅन्सेट कमिशनच्या 2020 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या ज्या 12 जोखमींवर आपण काही करू शकतो, त्यांत कमी ऐकू येणं आहे. असं यंत्र खिशात राहू द्यायचं नसतं.

सोमवारी फोन करून आजोबांना बोलावलं. कानात बॅटरी घालून पाहिलं तर उजवा कान मळाने गच्च! मळ असला की यंत्राचा आवाज परत फिरून शिट्टी वाजते. जानेवारीत मी कानात पाहिलंच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. थेंब घालून चार दिवसांनी मळ काढला. (बड्सने तो आणखी आत जातो. कृपा करून घालू नका.)

मग आजीला समोर बसवून सांगितलं: पहिला आठवडा दिवसातून दोन-तीन तास, घरातच, टीव्ही बंद ठेवून. एकाच माणसाने समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं. ओरडायचं नाही. आजोबांनी रोज पेपर मोठ्याने वाचायचा, म्हणजे स्वतःचा आवाज ओळखीचा होतो. मग हळूहळू तास वाढवायचे. बाजार नंतर, लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. कोणता आवाज टोचतो ते लिहून ठेवायचं आणि यंत्राचं सेटिंग करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे तो कागद घेऊन जायचं. एका फेरीत सेटिंग जमत नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येणं बंद झालं, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. त्याचं औषध लवकर सुरू केलं तरच जास्त उपयोग होतो.

आजोबा पाच आठवड्यांनी आले, यंत्र दोन्ही कानांत. आपल्या गावात नळाला पाणी येण्याची वाट कशी पाहावी लागते ते तुम्हाला माहीत आहेच. आजी म्हणाल्या, “परवा पहाटे नळ आले ते आधी यांनीच ऐकलं. मी उठेपर्यंत हे हंडा लावून उभे.”

आजोबांचं लक्ष मात्र छताकडे होतं. “मॅडम,” ते म्हणाले, “तुमचा पंखा फार कुरकुरतो. तेल घाला त्याला.”