आजीची बोरमाळ

वाचकहो, मला जुन्या दागिन्यांचा भारी नाद! हिवरा आश्रमच्या विवेकानंद जयंती उत्सवाला मी नव्या ड्रेसवर आजीची बोरमाळ घालून गेले. सोबतच्या बाया हसल्या, "हे काय म्हातारीचं सोंग?"

हसू द्या! 1972 च्या दुष्काळात आजीनं गोठ, पाटल्या मोडून घर जगवलं. ही एक माळ तेवढी राखली. मीही एकदा ती मोडायला नेली होती. सोनार म्हणाला, "मण्यांत लाख आहे. ती वजा जाता सोनं थोडंच भरेल." माझं मन तिथंच फिरलं. पटवेकऱ्याकडून ती नव्या दोऱ्यात गाठवून आणली.

जिजाऊंचं सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं. मग आपल्या महाराष्ट्राचा दागिना ल्यायला लाज कसली? तुमच्याही पेटीत अशी माळ असेल. मोडण्याआधी एकदा गळ्यात घालून तर बघा!