आमच्या गाडीचा धूर

आमचे बालपण तळकोकणात गेले. घरात कोंकणी बोलली जाई, आणि त्या भाषेत धुराला ‘धुंवर’ म्हणतात. पावसाळ्यात ओली फाटी पेटता पेटत नसत आणि सारे स्वयंपाकघर धुंवराने भरून जाई. डोळ्यांना धारा लागत. पण पाठोपाठ पेजेचा वास येई, म्हणून त्या धुराचा आम्हांस कधी राग आला नाही. तोही फुप्फुसांना हितकारक नव्हता, हे शहाणपण फार उशिरा आले.

पुढे नोकरीनिमित्त गुजरातेत येऊन कडोदऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘धुमाडो’ हा नवा शब्द शिकलो. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि सुरत-बारडोली रस्ता येथे एकमेकांस छेदतात. आजूबाजूला कापडाच्या गिरण्या आणि रंगाईचे कारखाने. मालमोटारींची रांग रात्रंदिवस सरत नाही. हिवाळ्यात पहाटेचे धुके आणि हा धुमाडो असे काही मिसळतात की कोणते कोणते, हे सांगता येऊ नये. आम्ही नाकाला रुमाल लावून मालमोटारवाल्यांना मनातल्या मनात नावे ठेवीत असू.

2021 साली आम्ही स्वतःच एक जुनी डिझेल मोटार विकत घेतली. गाडी 2008 सालची. सुरू होताना ती एकदा खोकत असे, मग काळा ढग सोडून चालू लागे. आम्हांस त्यात विशेष वाटले नाही. वय झाले की खोकला यायचाच, अशी आम्ही विनोदाने समजूत घातली. आत मात्र एक उग्र, तेलकट वास असे. त्यावर आम्ही कापराची पुडी टांगली, अत्तराचा फवारा मारला आणि मागच्या काचा खाली केल्या. कलाशाखेच्या पदवीधराला याहून अधिक यंत्रज्ञान कोठून असणार? शिवाय धूरतपासणीचा दाखला आमच्यापाशी होता. कागद शुद्ध, म्हणजे गाडी शुद्ध!

शेजारच्या चाळीतली तीन मुले आमच्याच शाळेत होती. त्यांना आम्ही रोज गाडीतून नेत असू. त्यांतली सातवीतली एक मुलगी मागे, कोपऱ्यात बसे. तिचे घराणे खानदेशातले, वडील रंगाईच्या कारखान्यात कामाला. मुलगी बुद्धीने चांगली. पण 2023 च्या हिवाळ्यात पहिल्या तासाला तिचे चित्त ठिकाणावर नसे. कपाळ हातावर टेकून बसे. प्रश्न विचारला तर दचके. आम्ही दोनदा वर्गात टोकले. तिसऱ्यांदा तिच्या वहीत लाल शाईने लिहिले, ‘अभ्यासाकडे लक्ष नाही. आळस सोडावा.’ ती काही बोलली नाही. गुरुजी रोज फुकट गाडीतून नेतात, त्यांच्यापुढे तक्रार कशी करावी, असे त्या लेकराला वाटले असेल, हे आज कळते.

एके दिवशी गाडी चढावर दम टाकू लागली, तेव्हा हमरस्त्यालगतच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने झाकण उघडले, दिवा धरला आणि इंजिनाच्या बाजूच्या एका जोडावर बोट ठेवले. तेथे काजळीचा काळा पट्टा उमटला होता. “धूर इथूनच फुटतोय, गुरुजी. मागं नळीपर्यंत जातोच कुठं सगळा?” मग त्याने डिकीचे रबर दाबून पाहिले, ते लाकडासारखे कडक झाले होते. “गाडी पळते तेव्हा मागची हवा विरळ होते. धूर तिथं घुटमळतो आणि फटीतून आत ओढला जातो. मागं कोण बसतं?”

आम्ही उत्तर दिले नाही. डोळ्यांसमोर तो कोपरा उभा राहिला.

त्या दिवशी मिस्त्रीने आम्हांस जो पाठ दिला तो विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवेची जाळी तुंबली असेल किंवा तेल फवारणारे नोझल बिघडले असेल. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे वंगणतेल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा दिसला तर चालतो, पण सतत राहिला तर बिघाड शोधावा. आणि वास गाडीच्या आत आला, तर अत्तर शोधू नये, फट शोधावी. कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूला तर वासच नसतो.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन 1897 साली यशस्वी झाले. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तसले एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. त्या इंजिनाने जगाचे ओझे वाहिले, हे उपकार खरेच. पण 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा स्पष्ट निर्वाळा दिला. आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. तेल सुधारले, पण जुन्या गाडीचा फुटका जोड सरकारी नियमाने आपोआप सांधला जात नाही. तो मालकानेच सांधावा लागतो.

गाडी सहा दिवस मिस्त्रीकडे होती. जोडाची चकती, हवेची जाळी, डिकीचे रबर बदलले. नोझल साफ झाले. ते सहा दिवस आम्ही मुलांसह बसने गेलो. चौथ्या दिवशी पहिल्या तासाला एक हात वर झाला. तो कोपऱ्यातल्या मुलीचा होता, आणि उत्तर अचूक होते.

मधल्या सुट्टीत आम्ही तिची वही मागितली. ती घाबरली. आम्ही लाल शाईची ती ओळ खोडली, खाली लिहिले, ‘चूक शिक्षकाची होती,’ आणि सही केली. संध्याकाळी तिच्या आईवडिलांना भेटून सारे सांगितले. वडील एवढेच म्हणाले, “गुरुजी, आम्हीपण तिला शाळा चुकवायचं निमित्त म्हणूनच रागावत होतो.” मग तिघेही काही वेळ गप्प राहिलो.

आता गाडी सुरू केली की आम्ही आधी खाली उतरून मागे जाऊन पाहतो. शेजारी हसतात. हसोत बापडे. दुसऱ्याच्या मालमोटारीचा धूर आम्हांस मैलावरून दिसत होता. आपला दिसायला मात्र एका मुलीचे डोके दुखावे लागले.